गावाची वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी कारभाराचा रुक्ष विषय कशाला, असे काही जणींच्या मनात येईल. परंतु घरखर्चाची वही जिच्या हाती असते, तिला कारभार नवा नाही. गावाची वही तेवढी आपण अजून उघडलेली नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात काउंटी म्हणून विभाग असतात. साधारणपणे आपल्या जिल्ह्यासारखे. तेथील मतदारांना आपल्या काउंटीच्या कारभाराची सनद मतदानाने स्वीकारता येते. कोणता अधिकारी निवडून द्यावयाचा आणि कोणता नेमावयाचा, हे तीत ठरते. लॉस एंजेलिस काउंटीने १९१२ साली अशी सनद स्वीकारली. आदल्याच वर्षी तेथील स्त्रियांना मताधिकार मिळाला होता!

आपल्याकडे तसे नाही. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. परिषदेचा साचा राज्याने ठरविला. मतदार सभासद निवडतो. साचा बदलणे त्याच्या हाती नाही.

मग आपल्या हाती काहीच नाही काय? आहे. ती म्हणजे ग्रामसभा. गावच्या मतदारयादीत जिचे नाव आहे, ती प्रत्येक स्त्री तिची सभासद असते. त्यासाठी निवडून यावे लागत नाही. शिवाय ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा भरवावी, असे कायदाच सांगतो. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखल्या गेल्या, आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने एकूण जागांपैकी अर्ध्या जागा त्यांना दिल्या.

पण कागदावरचा हक्क आपण होऊन चालत येत नाही. माझ्या पाहण्यातील एका गावी स्त्रियांची सभा भरलीच नाही. मागाहून वही घरोघर फिरली आणि बायांनी चुलीपुढे बसून सह्या केल्या. पुढे सार्वजनिक नळ पारापाशी बसला, वस्तीपासून दूर. हंडे कोणी वाहिले, ते सांगावयास नको. त्या जागेच्या ठरावाखाली त्याच बायांच्या सह्या होत्या!

भगिनींनो, घाटावरचे पाणी खाली आणून १९२२ मध्ये आपल्या भिवपुरीला वीज निर्माण होऊ लागली आणि ती मुंबईस गेली. सत्तेची वाट उलटी आहे. ती मुंबईहून आपल्या गावाकडे आली आहे. परंतु दिव्याचे बटण ज्याचे त्यानेच दाबावयाचे असते.

म्हणून एवढेच मागणे आहे. पुढच्या सभेस प्रत्येकीने शेजारणीला घेऊन जावे. न वाचता सही करू नये. वाचता येत नसेल तर ठराव मोठ्याने वाचून घ्यावा. आपली सनद लिहिण्याचा अधिकार आज आपल्याला नाही. जो मिळाला आहे तो वापरून दाखवू, म्हणजे पुढचा मागताना आवाज खाली जाणार नाही.