दुसऱ्या आवाजातले गाणे : चित्रपट आणि लोकप्रिय गीतांचे पुनर्गायन

एका गायकाने किंवा वाद्यवृंदाने पूर्वी ध्वनिमुद्रित केलेले आणि श्रोत्यांच्या कानांत पक्के बसलेले गाणे दुसऱ्या कोणी नव्याने गाऊन ध्वनिमुद्रित केले, तर पाश्चात्त्य संगीतव्यवहारात त्या नव्या आविष्काराला ‘कव्हर’ म्हणतात. प्रस्तुत विवेचनात त्यासाठी ‘पुनर्गायन’ हा शब्द योजला आहे. एकच बंदिश दोन घराण्यांचे गायक गातात तेव्हा त्यांपैकी एकाने दुसऱ्याची नक्कल केली, असे मराठी श्रोता मानत नाही, कारण बंदिश ही गाण्याची सुरुवात असते आणि गाणे दर वेळी नव्याने घडायचे असते, ही समजूत त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. विसाव्या शतकातील इंग्रजी लोकप्रिय संगीताची धारणा मात्र निराळी झाली. तेथे तबकडीवर उमटलेले एक विशिष्ट ध्वनिमुद्रण, त्यातल्या आवाजाच्या पोतासह आणि वाद्यांच्या रचनेसह, हेच गाणे मानले जाऊ लागले आणि साहजिकच दुसऱ्याने गायिलेले रूप दुय्यम, उसने किंवा केवळ व्यापारी ठरवण्याकडे समीक्षेचा कल राहिला. चित्रपटांसाठी केलेल्या पुनर्गायनांनी हा समज ज्या प्रकारे खोटा पाडला, त्याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

तबकडीवरच्या गाण्यात बोलणारा ‘मी’ आणि ज्याला उद्देशून तो बोलतो तो ‘तू’ हे दोघेही रिकाम्या जागांसारखे असतात आणि श्रोता त्या जागा आपल्या आयुष्यातून भरतो. चित्रपट त्या जागा स्वतः भरतो : गाणारी व्यक्ती कोण, ती कोणाला सांगते आहे, कोणत्या क्षणी सांगते आहे आणि सांगून झाल्यावर काय होणार आहे, हे सारे कथानकाने निश्चित केलेले असते. अशा वेळी जुने ध्वनिमुद्रण जसेच्या तसे वापरले, तर पहिल्या गायकाचे व्यक्तिमत्त्व आणि त्याचा काळही पडद्यावर येतो, आणि कित्येकदा दिग्दर्शकाला नेमके तेच हवे असते. परंतु गाण्याचे शब्द आणि चाल ठेवून त्यातला बोलणारा बदलायचा असेल, तर पुनर्गायनाला पर्याय उरत नाही. म्हणून चित्रपटातील उत्तम पुनर्गायन हे मूळ गाण्याचे एक वाचन असते.

या व्यवहाराला कायद्याची आणि पैशाची एक बाजू आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढील उदाहरणे नीट उलगडत नाहीत. गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांवरचा हक्क गीतकार, संगीतकार किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे असतो, तर विशिष्ट ध्वनिमुद्रणावरचा हक्क, ज्याला व्यवसायात ‘मास्टर’चा हक्क म्हणतात, तो बहुधा ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीकडे असतो. अमेरिकेत 1909 च्या कायद्यापासून, एकदा प्रसिद्ध झालेल्या गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण ठरीव मोबदला देऊन कोणालाही करता येते. मूळ रचनाकार त्याला अडवू शकत नाही. (भारतात प्रताधिकार कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 31-क नुसार त्यासाठी पाच वर्षे थांबावे लागते आणि रचनेत मनाजोगे फेरफार करण्यास मज्जाव आहे.) मात्र गाणे चित्रपटातील दृश्याशी जोडायचे झाल्यास ही मुभा लागू होत नाही, त्यासाठी प्रकाशकाकडून ‘सिंक्रोनायझेशन’चा, म्हणजे ध्वनी आणि चित्र यांची सांगड घालण्याचा, स्वतंत्र परवाना वाटाघाटी करून मिळवावा लागतो आणि जुने ध्वनिमुद्रणच हवे असेल तर मास्टरच्या मालकाचीही संमती लागते. पुनर्गायन केले की या दोन दारांपैकी दुसरे दार ठोठावावे लागत नाही.

जेसी नेल्सन यांच्या 2001 मधील ‘आय अ‍ॅम सॅम’ या चित्रपटाचे संगीत याच कारणाने घडले. शॉन पेनने साकारलेला त्यातला बौद्धिक अपंगत्व असलेला पिता बीटल्सच्या गाण्यांच्या आधारे जगाचा अर्थ लावतो, त्यामुळे ती गाणी कथेतून वगळणे शक्य नव्हते. परंतु बीटल्सची मूळ ध्वनिमुद्रणे मिळवणे अतिशय अवघड आणि खर्चिक होते. बहुतांश गाण्यांच्या रचनांचे हक्क त्या वेळी सोनी आणि मायकल जॅक्सन यांच्या भागीदारीतील प्रकाशनसंस्थेकडे होते आणि तेथून परवानगी मिळाली. मग सारा मॅक्लाक्लन, एडी व्हेडर, रूफस वेनराइट आदी गायकांकडून ती गाणी नव्याने गाऊन घेण्यात आली. चित्रपटाचे काम मूळ गाण्यांच्या लयीवर बेतलेले असल्याने या गायकांना त्याच गतीत गावे लागले, आणि या संग्रहातील बरीचशी गाणी सुरेल असूनही मूळ गाण्यांपुढे आज्ञाधारक का वाटतात, याचे एक कारण या बंधनात शोधता येते.

या संपूर्ण विषयाचे सर्वांत समृद्ध उदाहरण मात्र ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ हेच आहे. डॉली पार्टन यांनी 1973 मध्ये हे गाणे लिहिले, ते पोर्टर वॅगनर यांचा निरोप घेण्यासाठी. वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून पार्टन यांना नाव मिळाले होते, आता स्वतंत्र वाट धरायची होती आणि हे वाद घालून पटवून देता येत नव्हते. 1974 मध्ये प्रसिद्ध झालेले हे ध्वनिमुद्रण कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेत रुजलेल्या गीतपरंपरेतील आहे : थोडी वाद्ये, दबलेला आवाज आणि शेवटच्या कडव्यात गाणे थांबवून केवळ बोलणे. एल्व्हिस प्रेस्ली यांना ते गायचे होते, पण त्यांचे व्यवस्थापक कर्नल पार्कर यांनी प्रकाशनहक्काचा अर्धा वाटा मागितला आणि पार्टन यांनी मोठ्या कष्टाने नकार दिला. हा नकार पुढे अठरा वर्षांनी किती मोलाचा ठरला, ते पुढे दिसेलच.

1992 मधील ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटासाठी आधी दुसरे एक जुने गाणे ठरले होते. ते अन्य चित्रपटात वापरले गेल्यामुळे नव्या गाण्याचा शोध सुरू झाला आणि चित्रपटाचा नायक व एक निर्माता केव्हिन कॉस्टनर यांनी लिंडा रॉनस्टॅट यांनी 1975 मध्ये केलेले पुनर्गायन पुढे केले. म्हणजे चित्रपटाच्या नायिका आणि गायिका व्हिटनी ह्यूस्टन यांच्यापर्यंत हे गाणे पार्टन यांच्याकडून थेट आले नाही, मधल्या एका वाचनातून आले. रॉनस्टॅट यांच्या ध्वनिमुद्रणात शेवटचे कडवे नव्हते. संगीतनिर्माते डेव्हिड फॉस्टर यांच्या सांगण्यानुसार, पार्टन यांच्याशी दूरध्वनीवर बोलताना त्यांना ते कळले आणि कडवे परत आले. प्रारंभीचा भाग वाद्यांविना गायचा हा आग्रहही कॉस्टनर यांचा होता. रेडिओवर इतका वेळ निव्वळ आवाज चालणार नाही, अशी व्यवसायातल्या जाणकारांना धास्ती होती.

त्या वाद्यविरहित आरंभाचा विचार चित्रपटाच्या आत राहून केला पाहिजे. रेचल मॅरॉन ही ख्यातनाम गायिका आणि फ्रँक फार्मर हा तिचा अंगरक्षक एका साध्या मद्यगृहात नाचतात तेव्हा हेच गाणे पार्श्वभूमीला पुरुषाच्या आवाजात, कंट्री ढंगात वाजत असते आणि ते किती उदास आहे म्हणून रेचल हसते. शेवटी, धोका टळल्यावर आणि फ्रँक निघाल्यावर, तीच ते गाणे गाते. प्रेक्षकाने गाण्याचे एक रूप आधी ऐकले आहे आणि गाणाऱ्या पात्राने त्याची थट्टा केलेली आहे, त्यामुळे आरंभीचा निराधार आवाज म्हणजे ती थट्टा मागे घेणे आहे. तिच्याभोवतीचा वाद्यवृंद, रोषणाई, रक्षक यांपैकी काहीच त्या घटकेला तिच्या सोबत नाही. नंतर वाद्ये येतात, सॅक्सोफोनचा तुकडा येतो, क्षणभर सारे थांबते, ढोलाचा एक आघात होतो आणि पट्टी पूर्ण एका स्वराने वर चढते. पार्टन जेथे बोलू लागल्या होत्या, त्याच शेवटच्या कडव्याच्या मागोमाग ह्यूस्टन यांचा आवाज पूर्ण ताकदीने खुलतो. पार्टन यांचे गाणे निघून जाणाऱ्या स्त्रीचे आहे आणि म्हणून ते हळू आहे. ह्यूस्टन यांचे गाणे निरोप देणाऱ्या, पण स्वतः रंगमंचावर राहणार असलेल्या स्त्रीचे आहे, आणि रंगमंच हीच तिची भाषा असल्याने ते असे भव्य होते. या आवाजाला अतिरेकी ठरवणारे समीक्षक त्यातली ही नाट्यगत अपरिहार्यता विसरतात. हे गाणे अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या मुख्य क्रमवारीत सलग 14 आठवडे अग्रस्थानी राहिले आणि प्रकाशनहक्क स्वतःकडे राखल्यामुळे रचनाकार म्हणून त्याचा लाभ पार्टन यांना मिळाला. या गाण्याची निवड ज्यांच्या वाचनामुळे झाली, त्या रॉनस्टॅट यांना मात्र कायद्याने काहीच देणे लागत नव्हते, कारण दुसऱ्याच्या रचनेचा लावलेला अर्थ ही कोणाची मालमत्ता होत नाही.

याच्या नेमक्या उलट दिशेने जाणारे वाचन 2001 मधील ‘डॉनी डार्को’ या चित्रपटात आढळते. ‘मॅड वर्ल्ड’ हे गाणे ‘टिअर्स फॉर फिअर्स’ या ब्रिटिश गटाच्या रोलंड ऑर्झाबाल यांनी एकोणिसाव्या वर्षी, बाथ शहरात राहत असताना लिहिले. 1982 मधील त्याचे ध्वनिमुद्रण सिंथेसायझर आणि यांत्रिक ठेक्याचे, चक्क नाचण्याजोगे आहे. शब्द निराशेचे आणि ठेका नाचाचा, या विसंगतीतच त्या काळच्या ब्रिटिश तरुणाईचे चित्र होते. रिचर्ड केली दिग्दर्शित चित्रपटाचे संगीतकार मायकल अँड्र्यूज यांनी आपले मित्र गॅरी जूल्स यांच्या आवाजात ते गाणे करताना ठेका काढून टाकला, गती बरीच कमी केली आणि पियानोच्या मोजक्या स्वरांवर सारा भार सोपवला. चित्रपटाच्या शेवटी, नायकाच्या मृत्यूच्या रात्री, एकेक पात्र अंथरुणात जागे असलेले दिसते. आपल्याला कशाने जाग आली, हे त्यांपैकी कोणालाच ठाऊक नाही. तेथे नाचाचा ठेका ठेवला असता तर गाणे त्या माणसांवर भाष्य करणारे ठरले असते. ठेका गेल्यावर ते त्या माणसांच्या मनात चाललेले वाटते. अमेरिकेत तिकीटबारीवर अपयशी ठरलेल्या चित्रपटातील हे गाणे 2003 च्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले, ज्या मानाला मूळ ध्वनिमुद्रण तिसऱ्या क्रमांकावर थांबून मुकले होते.

बाझ लुहरमन यांच्या ‘मूलाँ रूज!’ने 2001 मध्येच पुनर्गायनालाच चित्रपटाची भाषा केले. कथा 1900 च्या आसपासच्या पॅरिसची, गाणी मात्र बरीचशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. एल्टन जॉन यांचे ‘युअर साँग’ तेथे दरिद्री कवीच्या तोंडी येते आणि त्याची प्रतिभा सिद्ध करण्यासाठी दिग्दर्शकाला वेगळा पुरावा द्यावा लागत नाही, कारण प्रेक्षकाने तो मनात आणलेलाच असतो. ‘पोलीस’ या गटाचे 1978 मधील ‘रॉक्सॅन’ हे देहविक्रय करणाऱ्या स्त्रीची समजूत घालणारे गाणे. चित्रपटात मारियानो मोरेस यांच्या टँगो रचनेशी गुंफून आणि याचेक कोमान यांच्या खरखरीत आवाजात ते आले की, ती समजूत मत्सराने पोळलेल्या माणसाचा आरोप होऊन बसते. एक अक्षरही न बदलता मुख्य ओळींचा अर्थ इतका फिरावा, हे या चित्रपटाचे मोठे यश आहे. मुंबईशी त्याचा जो धागा आहे तो मात्र खटकतो. ‘चायना गेट’ या 1998 च्या हिंदी चित्रपटातील अनू मलिक यांचे ‘छम्मा छम्मा’ त्यात अलका याज्ञिक यांच्याच आवाजात येते. पाश्चात्त्य गाण्यांना नवे बोलणारे पात्र मिळाले, नवा प्रसंग मिळाला. या गाण्याला फक्त पूर्वेची झगमग दाखवण्याचे काम मिळाले. त्याचेही वाचन व्हायला हवे होते आणि ते झाले नाही.

वेस अँडरसन यांच्या ‘द लाइफ अ‍ॅक्वाटिक’ मध्ये (2004) ब्राझीलचे सेउ जॉर्ज एका गिटारवर डेव्हिड बोवी यांची गाणी पोर्तुगीजमध्ये गातात आणि शब्दही बरेचसे स्वतःचे घालतात. ती ऐकून खुद्द बोवी यांनी मनापासून दाद दिली. वाँग कार-वाइ यांच्या 1994 च्या ‘चुंगकिंग एक्स्प्रेस’ मध्ये ‘क्रॅनबेरीज’ या आयरिश गटाचे ‘ड्रीम्स’ फे वाँग कॅन्टोनीजमध्ये गातात, आणि पडद्यावरची नायिकाही त्याच असल्याने ते पूर्णपणे हाँगकाँगचेच गाणे वाटते.

अशा यशांमागून साचाही येतो. ‘द सोशल नेटवर्क’ या 2010 च्या चित्रपटाच्या जाहिरातपटात, म्हणजे ट्रेलरमध्ये, ‘रेडिओहेड’चे ‘क्रीप’ बेल्जियमच्या ‘स्काला’ या मुलींच्या गायनवृंदाने गायिले होते. आपल्याला कोणी स्वीकारत नाही ही एकाची व्यथा अनेक तरुण आवाजांत विखुरली आणि समाजमाध्यमाच्या जन्मकथेला ती विलक्षण समर्पक ठरली. त्यानंतर ट्रेलरांमध्ये परिचित गाणे संथ करायचे, स्त्रीचा कुजबुजता आवाज आणि एकाकी पियानो योजायचा आणि शेवटी ढोलांचा कडकडाट करायचा, अशी रीतच पडली. येथे बोलणारे पात्र नसते आणि ऐकणारेही नसते. गाण्याची ओळख तेवढी वापरली जाते आणि संथपणा म्हणजेच गांभीर्य असा गैरसमज पसरतो. या प्रथेने ‘मॅड वर्ल्ड’च्या वाचनाचे मोल नकळत कमी केले, ही खेदाची गोष्ट आहे.

पुनर्गायनानंतर मूळ गाण्याचे काय होते, हा प्रश्न शेवटी उरतो, आणि त्याचे उत्तर दर वेळी वेगळे येते. ‘ट्रॉग्ज’ या गटाचे 1967 मधील ‘लव्ह इज ऑल अराउंड’ हे गाणे ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’ साठी ‘वेट वेट वेट’ने 1994 मध्ये गायिले, ब्रिटनमध्ये ते 15 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि लोकांना त्याचा वीट येतो आहे हे पाहून गटानेच त्याची विक्री थांबवली. रचनाकार रेग प्रेस्ली यांनी मिळालेल्या मानधनातून पिकांत उमटणाऱ्या गूढ वर्तुळांचा अभ्यास केला. त्याच चित्रपटाचे लेखक रिचर्ड कर्टिस यांनी ‘लव्ह अ‍ॅक्चुअली’ मध्ये (2003) एका उतरत्या वयाच्या गायकाच्या तोंडी या गाण्याचे नाताळी रूप घातले, म्हणजे आता पुनर्गायन हाच कथेचा विषय झाला. ‘टिअर्स फॉर फिअर्स’च्या बाबतीत हा प्रवास आणखी पुढे गेला. त्यांचे 1985 मधील ‘एव्हरीबडी वाँट्स टू रूल द वर्ल्ड’ हे गाणे ‘द हंगर गेम्स : कॅचिंग फायर’ साठी 2013 मध्ये न्यूझीलंडच्या लॉर्ड या गायिकेने काळोख्या, धमकीवजा सुरात गायिले. मूळ गाण्यातील सत्तेच्या हव्यासाची जी बाब तजेलदार चालीत सहज निसटून जात असे, ती त्या हुकूमशाहीच्या कथेत ठळक झाली. पुढे या गटाने आपल्या मैफलींत रंगमंचावर येताना प्रवेशसंगीत म्हणून लॉर्ड यांचेच ध्वनिमुद्रण लावण्यास प्रारंभ केला आणि ते संपल्यावर त्याच गाण्याचे आपले 1985 चे रूप वाजवून मैफलीला सुरुवात केली.