रोजच्या कामातला धोका

(उंद्री, ता. चिखली येथे आरोग्यसेवक आणि गावकरी यांच्यापुढे केलेले भाषण)



आपल्या शिवारात कपाशीवर फवारणी चालते. नवा गडी तोंडाला फडके बांधतो, वारा बघून उभा राहतो. दहा वर्षे फवारणी केलेला मात्र म्हणतो, "मले काय होते? रोजचंच हाय!" औषध तेच, विष तेच. कमी झालेली असते ती फक्त भीती.

आम्ही आरोग्याचे काम करणारी माणसेही अशीच. पहिल्या महिन्यात सुई धरताना हात थरथरतो. वर्षभराने बोलत बोलत इंजेक्शन देतो. अनोळखी माणूस खोकला, की आम्ही मास्क वर चढवतो. गल्लीतली ओळखीची आजी खोकली, की मास्क खाली करून तिची विचारपूस करतो. पण क्षयाचा जंतू ओळख-पाळख बघत नाही.

कोणी म्हणेल, "सेवा करायची तर भिऊन कसं चालेल? सावित्रीबाई भ्याल्या का?" नाही भ्याल्या. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुल्यांनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले. त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या वेळी प्लेग बरा करणारे औषध नव्हते. मुलाला उचलायचे की तसेच सोडायचे, एवढेच त्यांच्या हाती होते. आमच्या हाती आज साबण आहे, हातमोजे आहेत, लस आहे. ते असून वापरायचे नाही, याला धाडस म्हणत नाहीत. ही बेफिकिरी झाली.

आता सुईचेच बघा. 'ब' काविळीच्या रोग्याची सुई टोचली आणि लस घेतलेली नसली, तर १०० पैकी ३० जणांपर्यंत लागण होऊ शकते. एच.आय.व्ही.ची लागण १००० पैकी सुमारे ३ जणांना होते. आम्ही भितो मात्र एच.आय.व्ही.ला; आणि काविळीची लस "घेऊ पुढच्या महिन्यात" म्हणून राहून जाते! तिचे तीन डोस असतात. पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. ती लगेच सुयांच्या पांढऱ्या डब्यात टाकावी. टोचलीच तर लपवू नये. बोट पिळू नये, तोंडात घालू नये. साबण-पाण्याने धुवावे आणि तडक डॉक्टरांना सांगावे. एच.आय.व्ही. टाळणारे औषध शक्यतो २ तासांत सुरू करावे. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. म्हणून लाजेपायी एक रात्रही घालवू नका.

हा धोका आमच्यापुरता नाही, तो रोग्यालाही आहे. युरोपातल्या व्हिएन्ना शहरात डॉक्टर प्रेते तपासून तसेच बाळंतिणीकडे येत. १८४६ साली त्यांच्या वॉर्डात १०० पैकी ११ बायका दगावल्या. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने १८४७ साली क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. १८४८ साली १०० पैकी एक-दोनच दगावल्या. तरी पुष्कळ डॉक्टरांना राग आला. आमचे हात घाण कसे, म्हणाले!

गावकरी मंडळी, असा राग आम्हांला येऊ नये, म्हणून तुम्हीही मदत करा. आम्ही विसरलो तर खुशाल म्हणा, "ताई, तेवढे हात धुता का?" यात अपमान कसला? आशाताई क्षयरोग्याच्या घरी आली, तर तिला कोंदट खोलीत बसवू नका. अंगणात बाज टाका, तिथे बोला.

भीती चार दिवस टिकते, सवय जन्मभर टिकते. तेव्हा आज घरी जाण्याआधी आम्ही एकमेकांना एकच प्रश्न विचारणार आहोत : लशीचा तिसरा डोस झाला का? ज्यांचा राहिला असेल, त्यांची नावे इथेच लिहून घेऊ. त्यात आमचे नाव निघाले, तर ते पहिले लिहू.