नावेच्या गाडीचें चाक

नाव पाण्यांत चालावी आणि चाक जमिनीवर चालावें, हा साधा नियम झाला. परंतु जेथें हौशी लोक आपली मोटारनाव घराच्या अंगणांत ठेवतात आणि सुटीच्या दिवशीं मोटारीमागें जोडून समुद्रावर नेतात, तेथें चाकालाही पाण्यांत उतरावें लागतें. अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत हा प्रकार नित्याचा आहे. ऑर्लँडो शहर समुद्रापासून आंत वसलेलें. तेथून अटलांटिकचा किनारा मोटारीनें तासाभराच्या वाटेवर. नाव वाहणारी गाडी, म्हणजे ट्रेलर, हमरस्त्यानें वेगानें धांवत जाते, किनाऱ्यावरील सिमेंटच्या उतारावरून थेट पाण्यांत मागें लोटली जाते, आणि नाव तरंगूं लागली कीं बाहेर काढली जाते. सायंकाळीं तोच क्रम उलट होतो. या सगळ्या खटाटोपांत नावेच्या यंत्राची काळजी जो तो घेतो. चाकाच्या तुंब्याकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं, आणि घात होतो तो बहुधा तेथेंच.

या तुंब्याच्या पोटांत दोन बेअरिंगें असतात, एक आंतल्या बाजूस व एक बाहेरच्या बाजूस. प्रत्येकांत पोलादाचे निमुळते रूळ ओळीनें बसविलेले असतात. अशा निमुळत्या रुळांच्या बेअरिंगाचें पेटंट सेंट लुई येथील घोडागाड्यांचा कारखानदार हेन्री टिमकेन यानें १८९८ सालीं मिळविलें. रूळ निमुळता असल्यामुळें तो वरून येणारें ओझें आणि वळणावर बाजूनें बसणारा रेटा, हीं दोन्ही पेलतो. रूळ व कडें यांच्यामध्यें वंगणाचा पातळ थर असतो. पोलादाला पोलाद लागूं न देणें हें त्याचें काम. तुंब्याच्या मागील तोंडाशीं रबरी ओठाचें सील बसविलेलें असतें. वंगण आंत व पाणी बाहेर राखण्याचा सारा भार त्या एका ओठावर असतो.

आतां पाणी आंत शिरतें कसें, तें पहावें. चाकाचा व्यास ६६ सेंटिमीटर धरला, तर ताशीं ९० किलोमीटर वेगांत तें मिनिटाला ७०० हून अधिक फेरे घेतें. एवढ्या फिरण्यानें तुंबा तापतो. गाडीला ब्रेक असले तर त्यांची उष्णता आणखी वेगळी. असा तापलेला तुंबा पाण्यांत बुडाला म्हणजे एकदम निवतो. आंतील हवा ६० अंश सेंटिग्रेडवरून २० अंशांवर आली असें मानलें, तर ती सुमारें एक अष्टमांशानें आकसूं पाहते. ती उणीव भरून काढावयास बाहेर पाण्यावांचून दुसरें कांहींच नसतें. सीलाचा ओठ थोडा जरी झिजलेला असला, तरी तेथून खारें पाणी आंत ओढलें जातें.

पाणी शिरल्याचें त्या दिवशीं कोणाला कळत नाहीं. गाडी घरीं येते, आठवडेच्या आठवडे उभी राहते, आणि वंगणांत कालवलेलें खारें पाणी पोलादाला खाऊं लागतें. रूळ कड्याला ज्या रेषेवर टेकलेला असेल, तेथेंच गंजाचे ओरखडे उमटतात. पुढल्या प्रवासांत त्या खडबडीत जागेवरून रूळ वेगानें फिरतो. घर्षण वाढतें, वंगण जळतें, आणि बेअरिंग अखेर अडकतें किंवा फुटतें. मग चाक तुंब्यासकट निखळून रस्त्यावर धांवूं लागतें.

यावर तीन प्रकारचे उपाय निघाले आहेत. पहिला, तुंब्याच्या तोंडावर स्प्रिंगचें टोपण. त्यांतील दट्ट्या वंगणावर सतत हलका दाब ठेवतो, त्यामुळें तुंबा निवला तरी पाणी आंत ओढलें जात नाहीं. मात्र हौसेनें वंगण ठासून भरलें, तर मागचें सील उचकटतें आणि तेंच वंगण ब्रेकवर पसरतें. दुसरा उपाय तेलाचा. येथें ग्रीसऐवजीं तुंब्यांत तेल असतें व टोपण पारदर्शक असतें. तेल दुधासारखें दिसूं लागलें कीं पाणी शिरलें, हें डोळ्यांनीं समजतें. तिसरा उपाय पूर्णपणें बंद अशा बेअरिंगाचा. कारखान्यांतच वंगण भरून तें दोन्ही बाजूंनीं मिटवितात. त्यांत पुन्हां वंगण घालतां येत नाहीं व त्याची ढिलाई-घट्टाईही करतां येत नाहीं. बिघडलें कीं सबंध बदलावयाचें.

या तिसऱ्या प्रकाराविषयींच गैरसमज फार. जें बंद आहे त्याकडे पहावयास नको, अशी समजूत सहज होते. बैलगाडीचा आंस कोरडा पडला कीं कुरकुरून वंगण मागतो. बंद बेअरिंग तसें कांहीं मागत नाहीं, आणि जेव्हां तें आवाज करूं लागतें तेव्हां त्याचें आयुष्य सरत आलेलें असतें. तेव्हां वंगण घालण्याचें काम टळलें, तरी परीक्षेचें काम टळत नाहीं.

ती परीक्षा सोपी आहे. गाडी पक्की अडवून चाक जॅकवर उचलावें. वरच्या व खालच्या कडेला हात धरून तें हलवून पहावें. खडखड किंवा झोल जाणवला तर शंका घ्यावी. मग चाक हातानें फिरवून कान द्यावा. घरघर आली तर बेअरिंग गेलें असें समजावें. तुंब्याच्या मागें वंगण ओघळलेलें दिसलें, तर सील फाटलें आहे. प्रवासांत थांबावें तेथें प्रत्येक तुंब्याजवळ हात नेऊन पहावा. एकच तुंबा इतरांहून फार तापला असेल, तर तेथें बेअरिंग किंवा ब्रेक यांपैकीं कशाचा तरी दोष आहे. किनाऱ्यावर पोंचल्यावर लगेच पाण्यांत न शिरतां, नावेचे पट्टे सोडणें, सामान चढविणें हीं कामें आधीं उरकावीं. तेवढ्यांत तुंबे निवतात. खाऱ्या पाण्यांतून निघाल्यावर चाकें गोड्या पाण्यानें धुवावीं.

जे तुंबे उघडतां येतात, ते वर्षांतून एकदां तरी उघडावे. वंगण पांढुरकें झालें असेल तर पाणी शिरलें आहे; काळें पडून जळका वास येत असेल तर तें फार तापलें आहे. जुनें वंगण समूळ पुसून काढावें, कारण भिन्न जातींचीं वंगणें एकमेकांत मिसळल्यास कधीं कधीं पातळ होऊन वाहून जातात. रूळ खराब झाले तर बाहेरचें कडेंही बदलावें; जुन्या कड्यांत नवे रूळ टिकत नाहींत. सील दर वेळीं नवें घालावें. नट आवळतांना चाक फिरवीत रहावें, मग नट सैल करून बोटांनींच बेताचा बसवावा, आणि स्प्लिट पिन नवी घालावी. जुनी पिन सरळ करून पुन्हां घालण्याची काटकसर येथें करूं नये.

या सर्वांस वर्षाकाठीं एक दुपार पुरते. तिचा कंटाळा करणारा मनुष्य आपली नाव तेवढी धोक्यांत घालतो असें नाहीं. निखळलेलें चाक समोरून येणाऱ्या ज्या मोटारीवर आदळतें, तींतील माणसांनीं ना ती नाव पाहिलेली असते, ना तिच्या मालकाचें तोंड. त्यांच्या जिवाची जोखीम त्या मालकानें घराबाहेर पडतांना न विचारतां पत्करलेली असते. म्हणून रविवारीं समुद्रावर जावयाचें असेल, तर शनिवारीं चाक उचलून, फिरवून, कान देऊन पहावें, आणि मगच गाडी रस्त्यावर काढावी.