पेन्शन खासगी, भार सार्वजनिक



सरकारी पेन्शनमधून माणसे बाहेर पडली की तिजोरीवरचा बोजा हलका होतो, हे म्हणणे पटकन पटते. ब्रिटनने ते करून पाहिले आणि हिशेब उलटा निघाला. तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

ब्रिटनमध्ये मूळ पेन्शनच्या जोडीला १९७८ पासून पगाराशी निगडित अशी सरकारी पेन्शन होती. तिला 'सर्प्स' म्हणत. ती पुढच्या पिढ्यांना झेपणार नाही, असे थॅचर सरकारचे मत होते. मंत्री नॉर्मन फाउलर यांनी १९८६च्या कायद्याने तिचे लाभ कमी केले आणि १९८८पासून ती सोडून खासगी पेन्शन घेण्याची मुभा कामगारांना दिली.

सरकार मुभेवर थांबले नाही. कामगार आणि मालक राष्ट्रीय विम्याची वर्गणी पूर्वीसारखीच पूर्ण भरत. मग बाहेर पडलेल्या कामगाराच्या खासगी खात्यात सरकार पैसे वळते करी: ठरावीक मर्यादेतल्या पगाराचे ५.८ टक्के, आणि वर प्रोत्साहन म्हणून आणखी २ टक्के. हे जादा २ टक्के १९९३पर्यंत मिळत राहिले.

हे पैसे राष्ट्रीय विमा निधीतून गेले. या निधीत आज जमा होणाऱ्या वर्गणीतून आजच्याच वृद्धांची पेन्शन भागते. तरुण कामगार बाहेर पडला म्हणून कोणा म्हाताऱ्याची पेन्शन थांबत नाही. जमा लगेच आटते. बचत मात्र तो तरुण निवृत्त होईल तेव्हा, तीस-चाळीस वर्षांनी दिसायची.

त्यात सरकार खात्यात वळते करत असलेल्या पैशांचा दर सर्व वयांना एकच होता. पंचविशीतल्याचे पैसे चाळीस वर्षे वाढणार, पन्नाशीतल्याचे जेमतेम पंधरा. साहजिकच तरुणांची रीघ लागली आणि दोन-तीन वर्षांत चाळीस लाखांहून अधिक लोक बाहेर पडले. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने १९९०मध्ये अंदाज मांडला: १९९३पर्यंतचा खर्च ९.३ अब्ज पौंड, भविष्यातल्या बचतीचे आजचे मोल ३.४ अब्ज. निव्वळ तोटा ५.९ अब्ज पौंड! १९९३मध्ये निधीला सरकारी खजिन्यातून पुन्हा अनुदान सुरू करावे लागले. म्हणजे ज्यांनी खासगी पेन्शन घेतलीच नाही, त्यांच्याही करातून ती पोसली गेली.

याच लाटेत कमिशनवर जगणाऱ्या विक्रेत्यांनी खाणकामगार, परिचारिका, शिक्षक यांना त्यांच्या नोकरीतल्या चांगल्या पेन्शन योजना सोडायला लावल्या. त्याची भरपाई म्हणून पुढे कंपन्यांना ११ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम मोजावी लागली.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५पासून रुजू झालेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन नाकारली गेली आणि त्याऐवजी वैयक्तिक खात्यातली वर्गणीची पेन्शन आली. इथे निवड नव्हती, नियम होता. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजू नयेत. पण संक्रमणाचा दुहेरी भार इथेही आहे: जुन्यांची पेन्शन द्यायची आणि नव्यांच्या खात्यातही हिस्सा भरायचा.

खासगी बचतीला माझा विरोध नाही. मात्र जो बदल काटकसर म्हणून मांडला जातो, त्याचा पुढच्या चाळीस वर्षांचा जमाखर्च, कोणत्या वर्षी किती आणि कोणाच्या खिशातून, कायदा होण्याआधी विधिमंडळापुढे आलाच पाहिजे. हा हिशेब मागण्याचा हक्क वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकाचा आहे, आणि तो आपण बजावला पाहिजे.