बेळगावची विहीर आणि सह्याद्रीचा पाऊस

१९२४ सालच्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावास राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. जमणाऱ्या मंडळींच्या पाण्याची सोय व्हावी म्हणून टिळकवाडीच्या बाजूस एक प्रशस्त विहीर खोदण्यात आली. तिचे नाव 'पंपा सरोवर' ठेवले गेले. लोक तिला काँग्रेस विहीरच म्हणतात. अधिवेशन संपले, मंडप उठले, विहीर मात्र राहिली. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीच्या या पठारावर हे पाणी यावे कोठून? प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी साडेसहा कोटी वर्षे मागे जावे लागते.

त्या काळी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडून तप्त लाव्हारसाचे पूर आले. थरावर थर थिजत गेले, तोच आपला काळवत्थर. पुढे त्याचे काय व्हावयाचे हे मात्र पावसाने ठरविले.

जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात. वर गेलेली हवा प्रसरण पावते, प्रसरणाने थंड होते, आणि बाष्प तिच्यात मावेनासे होते. म्हणून मलप्रभेच्या उगमी, कणकुंबीस, वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. घाट ओलांडून उतरणारी हवा पुन्हा तापते व ढग विरू लागतात. बेळगावास १,३०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर गोकाकास जेमतेम सहाशेच्या आतबाहेर. हे सारे शंभर किलोमीटरांच्याही आत!

पश्चिमेकडील या मुबलक पावसाने लक्षावधी वर्षे काळवत्थर धुऊन काढला. चुना गेला, वाळूचा मुख्य घटक जी सिलिका तीही विरघळून गेली. मागे उरले लोह आणि ॲल्युमिनियम. हाच जांभा. जेथे ॲल्युमिनियम अधिक साचले तेथे बॉक्साइट मिळते. यमनापूरचा कारखाना या भागात उभा राहिला तो त्याच्याच आधारावर. जांभ्याचा चिरा खाणीत मऊ असतो आणि वाऱ्याला लागला की कठीण होतो, हे गवंड्याला सांगावयास नकोच. अंगभर छिद्रे असल्यामुळे तो पाऊस पिऊन घेतो. त्याच्या खाली चिकण मातीचा थर आणि त्याखाली अभंग काळवत्थर. म्हणून मुरलेले पाणी तेथेच थांबते आणि विहिरीला झरा फुटतो.

निपाणीकडे याच काळवत्थराची निराळी तऱ्हा झाली. पाऊस बेताचा, त्यामुळे चुना व सिलिका जागेवरच राहून काळी, चिकट माती तयार झाली. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पोटातील ओल सहजी सोडीत नाही. श्रावण-भाद्रपदात लावलेला विडीचा तंबाखू पाऊस सरल्यावर त्याच ओलीवर आणि थंडीतील दवावर पोसतो. निपाणीच्या बाजारपेठेचा पाया, म्हणाल तर, या चिकटपणातच आहे.

परंतु बेळगावच्या जांभ्याचा गुण हाच त्याचा दोषही आहे. राकसकोपच्या तलावाचे पाणी नळाने घरोघर आले आणि परसातील विहीर केराची कुंडी झाली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात टंचाई भासू लागली, तेव्हा जुन्या विहिरी उपसून त्यांचे पाणी पुन्हा वापरात आणावे लागले. ज्या छिद्रांतून पाऊस मुरतो त्याच छिद्रांतून शेजारच्या गटाराचे पाणीही मुरते. उलट, अंगण सिमेंटने झाकले की पाऊस वरच्यावर वाहून जातो आणि आत झिरपते ते केवळ गटाराचे. मला तर विहीर बुजविणाऱ्यापेक्षा अंगण झाकणारा अधिक अपराधी वाटतो. बुजविलेली विहीर निदान पुन्हा उपसता येते.

ज्यांच्या परसात अद्याप विहीर आहे त्यांनी एक करून पाहावे. सप्टेंबरअखेर आणि मेअखेर दोर सोडून पाण्याची खोली मोजावी व पंचांगाच्या समासात टिपून ठेवावी. आपल्या आळीतील जांभा अजून किती पाऊस पितो, ते चार-सहा वर्षांत दिसू लागेल.