सोसणे आणि सांगणे



सोशिकपणा हे आपल्याकडे स्त्रीचे भूषण मानले जाते. परंतु चाळिशीनंतर हेच भूषण कधी कधी प्राणांवर बेतते.

भारतीय स्त्रीची पाळी साधारणतः ४६-४७व्या वर्षी थांबते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते. अंगातून उष्ण लाटा उठतात, झोप उडते, सांधे दुखतात, हाडे विरळ होऊ लागतात. हा आजार नव्हे. पण त्रास खरा असतो आणि त्यावर उपचारही आहेत.

मात्र सलग बारा महिने पाळी बंद राहिल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तो ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नये. बहुधा कारण साधे निघते. तथापि गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. सोनोग्राफी आणि आवश्यक तर गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी वेळेवर झाली, तर रोग प्राथमिक अवस्थेतच सापडतो आणि शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो.

मुलांच्या परीक्षा, सणवार, सासूबाईंचे पथ्यपाणी. या सर्वांनंतर गृहिणी स्वतःकडे वळते. तोवर फार उशीर होऊ नये, याची जबाबदारी पती आणि मुलांचीही आहे. तिने सोसण्याआधी सांगावे. घराने ते ऐकावे. गृहधर्म याहून वेगळा नाही.