मागणी मांडायला शिकू या



कट्ट्यावर आपण तासन्‌तास बोलतो. पण आपल्या सीमाभागातील मराठी शाळेला शिक्षक हवा, हे अधिकाऱ्यापुढे सांगायची वेळ आली की एकमेकांकडे पाहतो. बँकेच्या काउंटरवर आम्हाला रोज दिसते, दोन वाक्यांत काम सांगणाऱ्याचे काम लवकर होते.

राज्यघटनेत १९५६ साली आलेले ३५०अ कलम भाषिक अल्पसंख्याक मुलांच्या मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगते. कलम ३५० प्रमाणे तक्रारीचे निवेदन मराठीतही देता येते. पण कलम स्वतः उठून बोलत नाही, आपल्यालाच उभे राहावे लागते.

आधी नाव-गाव, मग एकच मागणी, मग कलमाचा आधार, शेवटी लेखी अर्जाची पोच. तीन मिनिटे पुरतात. आवाज चढवू नये, मुद्दा सोडू नये.